दारावरची पाटी आणि ड्रॉवरमधली पाकिटे

वाचकाचे पत्र, थोडक्यात : एक २४ वर्षांची विद्यार्थिनी गेल्या सप्टेंबरअखेर जर्मनीतील ट्युबिंगन या विद्यापीठाच्या गावी जीवशास्त्राशी संबंधित पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी गेली. शिकवणे इंग्रजीत आहे. तिचे जर्मन दुकानात चार वस्तू मागण्यापुरते आहे. चौघांच्या सामायिक घरात तिला एक खोली मिळाली आहे. बाकीचे तिघे सभ्यपणे वागतात, पण आपणहून कोणी गप्पा मारायला येत नाही. जानेवारीत स्वयंपाकघरात तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती : ओल्या कचऱ्याच्या डब्यात प्लास्टिकची पिशवी टाकू नये, आणि या आठवड्यात जिना झाडायची पाळी तिची होती. खाली हसऱ्या चेहऱ्याचे चित्र आणि 'लीबे ग्र्यूसे' हे शब्द. त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात कोणी नसतानाच जाते. दुपारी एक वाजता खोलीतच जेवते आणि त्या वेळी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलते. टपालाने आलेली जर्मन पत्रे समजत नाहीत म्हणून ती न उघडता ड्रॉवरमध्ये ठेवते. शिक्षणासाठी घरच्यांनी कर्ज काढले आहे, त्यामुळे बाहेर कॉफीवर तीन युरो खर्च करणेही तिच्या जिवावर येते. आता श्टुटगार्टमध्ये राहणाऱ्या चार मराठी मुलींच्या घरात एक जागा रिकामी होते आहे. तेथून ट्युबिंगन रेल्वेने सुमारे तासाभरावर आहे. मार्चमध्ये लिहिलेल्या या पत्रात ती विचारते : "सहा महिन्यांत मला इथे रुळता आले नाही, म्हणजे माझ्यातच काही कमी आहे का? हे घर सोडून मी तिकडे जावे का?"

उत्तर : तुमच्या पत्रावरची तारीख मार्चमधली आहे, आणि बाकी काही लिहिण्याआधी मला त्या तारखेबद्दलच बोलायचे आहे. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्याने फेब्रुवारीत संपतात आणि उन्हाळी सत्राची एप्रिलच्या मध्याला सुरू होतात. ट्युबिंगन हे ९० हजारांच्या आसपास वस्तीचे गाव, आणि तिथले विद्यार्थी सुमारे २८ हजार. ही मंडळी सुट्टीत आपापल्या घरी गेली की गल्ल्या ओस पडतात, सामायिक घरांतल्या खोल्यांना कुलपे लागतात, आणि मागे राहिलेल्या माणसाला वाटते की सगळ्यांना कोणीतरी आहे, आपल्यालाच कोणी नाही. त्यात तुम्ही पोहोचलात ऑक्टोबरच्या तोंडावर, दिवस आखडत चालले असताना. डिसेंबरात तर साडेचारच्या सुमारासच अंधार पडला असेल. एखाद्या गावाविषयी, आणि स्वतःविषयीही, मत बनवायला याहून वाईट सहा महिने सापडले नसते. म्हणून 'मला रुळता आले नाही' हा निकाल तूर्त बाजूला ठेवावा, ही माझी पहिली विनंती.

मात्र नुसते थांबा, ऊन पडले की सगळे ठीक होईल, असे मी म्हणणार नाही. या हिवाळ्यात तुम्हाला काही सवयी जडल्या आहेत : रिकामे स्वयंपाकघर गाठायचे, खोलीत जेवायचे, पाकिटे ड्रॉवरमध्ये सारायची. या सवयी ऋतूबरोबर जात नाहीत, आणि श्टुटगार्टला गेलात तर त्या सामानाबरोबर तिकडेही येतील.

तुमच्या पत्रात 'रुळणे' हा शब्द वारंवार येतो आणि प्रत्येक वेळी तो मनाबद्दल येतो. आधी मन रमेल, मग मी लोकांत मिसळेन, असा तुमचा क्रम आहे. मी जे अनुभवले आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांत जे वाचते, त्यात क्रम उलटा दिसतो. परक्या गावात आधी हातपाय रुळतात आणि मन त्यांच्यामागून, बरेच उशिरा येते. कोणत्या डब्यात काय टाकायचे हे न आठवता हात तिकडे वळणे, रविवारी दुकाने बंद असतात म्हणून शनिवारी आपसूक दूध-भाजी आणून ठेवणे, वेळापत्रकात वेळेपुढे 'सी. टी.' लिहिले असेल तर तास पंधरा मिनिटे उशिरा सुरू होणार हे ओळखून निवांत चढण चढणे, या गोष्टी क्षुल्लक आहेत खऱ्या. पण दिवसभर अशा प्रत्येक क्षुल्लक गोष्टीसाठी डोके चालवावे लागले, तर संध्याकाळी माणसांशी बोलायला त्राण उरत नाही. तुम्ही स्वतःला एकलकोंडी म्हणता. मला तुम्ही दमलेल्या दिसता.

आता त्या चिठ्ठीकडे येते, कारण तुमच्या पत्रात सर्वांत जास्त ओळी तिच्यावर खर्च झाल्या आहेत. तोंडावर न बोलता नावानिशी चिठ्ठी लावणे ही आपल्याला संबंध बिघडल्याची खूण वाटते, त्यामुळे तुम्हाला ती झोंबली यात नवल नाही. जर्मन सामायिक घरांत मात्र चिठ्ठी हे रोजच्या कारभाराचे साधन असते : दूध संपले आहे, उद्या माझी परीक्षा आहे, रात्री दहानंतर आवाज नको. समोरच्याला तिथल्या तिथे उत्तर देण्याच्या पेचात टाकण्यापेक्षा लिहून ठेवणे अनेकांना जास्त सौम्य वाटते. 'लीबे ग्र्यूसे' म्हणजे 'प्रेमपूर्वक नमस्कार'. भांडायला निघालेला माणूस ते सहसा लिहीत नाही, हसरा चेहरा काढण्याचे कष्ट तर घेतच नाही. आणि चिठ्ठीतल्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, हेही मोकळ्या मनाने मान्य करावे. ओल्या कचऱ्याचे तिथे खत किंवा वायू होतो, आणि त्यात गेलेले प्लास्टिक पुढे कोणाला तरी वेचून काढावे लागते.

जिन्याची गोष्ट जरा विस्ताराने सांगते, कारण ती जर्मनीच्या इतर भागांतून श्वाबियात, म्हणजे ट्युबिंगन-श्टुटगार्टच्या परिसरात, शिकायला आलेल्या मुलांनाही नवीन असते. तिला केरवोखे म्हणतात. त्यातला 'केर' आपल्या कानाला योगायोगाने लगेच कळतो. 'वोखे' म्हणजे आठवडा. ज्यांची पाळी असेल त्यांच्या दारावर पाटी टांगली जाते, आणि त्या आठवड्यात जिना, कधी दारापुढची फरसबंदी, यांची झाडलोट त्यांच्याकडे. तुमचे विद्यापीठ १४७७ साली ज्या काउंट एबरहार्डने स्थापन केले, त्याच्याच राजवटीतल्या श्टुटगार्टच्या १४९२ च्या नगरनियमांत या प्रथेचे मूळ सांगतात. पाचशे वर्षांपूर्वीची ही पाळी तुमच्यावर डूख धरून कोणी काढलेली नाही.

मी स्वतः श्वाबियातल्याच एका लहान गावात शिकायला होते. पहिल्या पाळीला मी जिना खालून वर झाडत निघाले. तळमजल्यावरच्या आजींनी दार उघडले, थोडा वेळ पाहिले आणि त्या आत गेल्या. मला वाटले, आता घरमालकाकडे तक्रार जाणार. त्या परत आल्या त्या स्वतःची सुपली आणि लांब दांड्याचा झाडू घेऊन. गुडघे धरत माझ्याबरोबर वरच्या मजल्यापर्यंत चढल्या, पायपुसणे उचलून त्याखालचा केर दाखवला, आणि वरून खाली कसे यायचे ते तीन पायऱ्या झाडून दाखवले. त्या जे बोलल्या त्यातले मला दोनच शब्द कळले. पुढच्या महिन्यात पार्सलवाल्याने माझे पार्सल त्यांच्याकडे ठेवले. घरी कोणी नसले तर पार्सल शेजाऱ्याकडे देऊन तशी चिठ्ठी टपालपेटीत टाकण्याची तिथे पद्धत आहे. मी ते आणायला गेले, मग कधी त्यांचे पार्सल माझ्याकडे आले. तीन वर्षांत आम्ही एकत्र बसून चहा प्यालो असू तो फार तर तीनदा. पण या इमारतीत आपल्याला ओळखणारे, आपण दोन दिवस दिसलो नाही तर विचारणारे एक माणूस आहे, हा दिलासा मला त्या जिन्यात मिळाला, आणि तोवर वर्गातल्या कोणाशीही माझी धड मैत्री झालेली नव्हती.

तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्याला, इतके दिवस उलटले असले तरी, एकदा सांगून टाका : 'टूट मीर लाइट, इश हाब एस निष्ट गेवुस्ट.' माफ कर, मला माहीत नव्हते. तेवढेच सांगा, लांबण नको. मग त्यालाच विचारा की ओला कचरा, कागद, वेष्टने आणि उरलेला कचरा असे डबे नेमके कसे वापरायचे, आणि काचेच्या बाटल्या कुठे टाकायच्या. कोणाला काही शिकवायला सांगणे ही ओळख वाढवण्याची सर्वांत सोपी वाट आहे, आणि या बाबतीत तर तुम्हाला खरोखरच शिकायचे आहे. पुढची पाळी कधी येते ते तक्त्यावर पाहून ठेवा आणि कोणी आठवण करून देण्याआधी जिना झाडा.

तुम्ही लिहिता की घरातले लोक 'सभ्य, पण कोरडे' आहेत. मी या उत्तरात तुम्हाला 'तुम्ही' म्हणते आहे. त्यावरून माझी आपुलकी कमी आहे असे तुम्हाला वाटले नसावे. अंतर राखणे आणि जिव्हाळा नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. गोंधळ होतो तो विद्यार्थी आपसांत पहिल्या भेटीपासून 'डू', म्हणजे 'तू', म्हणतात त्यामुळे. नवख्याला वाटते, इतक्या लवकर 'तू' म्हटले, आता गप्पा सुरू होतील. त्या होत नाहीत आणि मन खट्टू होते. तिथली मैत्री बहुधा वार आणि वेळ ठरवून पुढे सरकते. 'कधीतरी भेटू' याला तिथे निमंत्रण समजत नाहीत. 'गुरुवारी सहा वाजता मी सगळ्यांसाठी वरण-भात करते आहे, येशील का?' हे निमंत्रण, आणि त्याला बहुतेक वेळा सरळ हो किंवा नाही असे उत्तर येते. नाही आले तर ते त्या गुरुवारपुरते असते. मे-जूनमध्ये फ्रोनलाइखनाम या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीला गावातल्या नेकार नदीवर लांब काठीने ढकलायच्या होड्यांची शर्यत असते, आणि हरलेल्यांना कॉड माशाच्या यकृताचे तेल प्यावे लागते. ती पाहायला बरोबर येणार का, हे घरातल्या तिघांना आत्तापासून विचारून ठेवायला हरकत नाही. तिथे दिनदर्शिका लवकर भरतात.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण सांगायला हवी. कोणी आपणहून बोलायला येत नाही, असे तुम्ही लिहिता. मग जानेवारीपासून तुमचे बंद दार आणि ते आले की तुमचे स्वयंपाकघरातून निघून जाणे, यातून त्यांना काय कळत असेल? सामायिक घरांत उघडे दार म्हणजे 'ये', आणि लावलेले दार म्हणजे 'मला निवांत राहू दे' असा संकेत असतो. तुम्ही त्यांना कोरडे समजत असताना ते कदाचित तुमच्या एकांताचा मान राखत असतील. संध्याकाळी तासभर दार उघडे ठेवून पाहा. वाढदिवस आला तर केक तुम्ही न्यायचा असतो, ज्याचा वाढदिवस त्याने. आणि आदल्या दिवशी शुभेच्छा देणे तिथे अशुभ मानतात.

याचा अर्थ परदेशात येणारा प्रत्येक कटू अनुभव हा आपला गैरसमजच असतो, असे मुळीच नाही. रंगावरून, नावावरून किंवा देशावरून कोणी टोमणा मारला, घर नाकारले, प्रयोगशाळेत डावलले, तर तो तुमच्या समजुतीचा घोटाळा मानून गिळू नका. तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवा आणि विद्यापीठातल्या भेदभावविरोधी संपर्क व्यक्तीकडे जा; जर्मनीत २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे आणि केंद्र सरकारचे सल्ला कार्यालयही आहे. तुमच्या पत्रात मला अशी घटना दिसली नाही. तुम्ही ती लिहायची टाळली असेल, तर माझा बाकीचा सल्ला बाजूला ठेवून आधी तिकडे जा.

भाषेच्या बाबतीत तुम्ही फार कडक आहात. वर्गात शिकलेले जर्मन दुकानात उपयोगी पडत नाही, असे तुम्ही लिहिता. पण तुमच्या कानावर पडते ती श्वाबियन बोली आहे, आणि ती हांबुर्गच्या माणसालाही जड जाते. तेव्हा जर्मन चांगले येईपर्यंत थांबू नका. जिथे हात गुंतलेले असतात आणि जिभेला फारसे काम नसते, असे एखादे ठिकाण दर आठवड्याला ठरवून घ्या : विद्यापीठाचे खेळाचे वर्ग, गायनवृंद, सामायिक बाग. खेळाच्या वर्गांची नोंदणी सत्राच्या सुरुवातीला होते आणि चांगल्या जागा भराभर संपतात, म्हणून एप्रिलमध्ये लक्ष ठेवा. जोडीने एकमेकांची भाषा शिकण्याची टांडेमची पद्धतही चांगली. तिथे तुम्ही नुसत्या मागणाऱ्या नसता, देणाऱ्याही असता.

आता दुपारी एक वाजताचा प्रश्न. घरी रोज फोन करू नका, म्हणजे लवकर रुळाल, असे सांगणारे सल्ले मी वाचले आहेत आणि मला ते निर्दय वाटतात. आईशी रोज बोला. फक्त वेळ बदला. हिवाळ्यात तिथल्या एकला भारतात साडेपाच वाजतात. आईंना ती वेळ सोयीची असणार, पण नेमक्या त्याच वेळी तुमचा सगळा वर्ग मेन्सात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात, ताटे घेऊन रांगेत उभा असतो. वर्गातली ओळख व्याख्यानात वाढत नाही, ती त्या रांगेत आणि नंतरच्या अर्ध्या तासात वाढते. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास पुढे जातात आणि फरक साडेतीन तासांचा होतो. मग तुमचे पाच वाजता घरी साडेआठ झालेले असतील, म्हणजे जेवणखाण आटोपून बोलायची वेळ. रविवारचा कॉल मात्र हवा तेवढा लांबवा. दुकाने बंद, रस्ते शांत, असा तो दिवस परक्या माणसाला सर्वांत जड जातो.

पैशाबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते वाचून मी थांबले. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून सत्राला १,५०० युरो शुल्क घेतात, आणि व्हिसासाठी आधीच पैसे भरून गोठवलेल्या खात्यातून महिन्याला सुटतात ते ९९२ युरो. त्यात भाडे आणि विमा भागवून उरलेल्या पैशांवर चालणाऱ्या मुलीला 'मोकळ्या हाताने खर्च कर' असे मी सांगणार नाही. पण घरच्यांनी कर्ज तुमच्या शिक्षणासाठी काढले आहे, आणि सहाध्यायांबरोबर बसणे हा त्या शिक्षणाचाच भाग आहे. हिशोबाच्या वहीत 'माणसे' या नावाचे एक खाते उघडा आणि त्यात महिन्याला झेपेल तेवढी रक्कम लिहा, पंधरा युरो का असेनात. ती त्याच कामी खर्च व्हायची. महिनाअखेर उरली तर ती बचत धरू नका. कॉफी घ्याल ती बसूनच घ्या : तुमच्या गावात १ जानेवारी २०२२ पासून एकदा वापरून टाकायच्या पेल्यावर ५० सेंट कर आहे, आणि बसलेल्या माणसाशी कोणीतरी बोलण्याची शक्यता असते. विद्यापीठात साहाय्यकाचे काम मिळाले तर जरूर घ्या. बाहेरच्या नोकरीला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्ध्या दिवसांची मर्यादा आहे, विद्यापीठातल्या साहाय्यकाच्या कामाला ती लागू होत नाही, आणि पैशाइतकेच महत्त्वाचे म्हणजे तुमची वाट पाहणारे एक टेबल मिळते.

ड्रॉवरमधल्या पाकिटांची मला तुमच्या एकटेपणाहून जास्त काळजी वाटते. जर्मनीत महत्त्वाचे ते अजूनही कागदावर येते, आणि त्यावर मुदत असते. ही पाकिटे आज उघडा. समजली नाहीत तरी चालेल. तारखेवर आणि 'फ्रिस्ट' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल करा, फ्रिस्ट म्हणजे मुदत. मग तीन गठ्ठे करा : परदेशी नागरिकांचे कार्यालय आणि आरोग्य विमा एका बाजूला, विद्यापीठ दुसऱ्या, बाकी सारे तिसऱ्या. पहिल्या गठ्ठ्यासाठी सोमवारीच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा. तिसऱ्यात बहुधा रेडिओ-दूरदर्शन वर्गणीचे पत्र असेल. ते पाहून अनेक जण घाबरतात, कारण आपल्याकडे टीव्ही नाही तरी पैसे मागितलेले असतात. ही वर्गणी माणशी नसून घरटी आहे, महिन्याला १८ युरो ३६ सेंट. चौघांपैकी एक जण भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा आणि आपल्या वाट्याचे ४ युरो ५९ सेंट त्याला द्यायचे. पाकीट हातात घेऊन स्वयंपाकघरात जा आणि विचारा, 'हे आपल्या घरात कोण भरते?' कामासाठी विचारलेल्या प्रश्नाला तिथे मनापासून उत्तर मिळते.

'या गावात सगळे एकमेकांचे, मीच उपरी', असे एक वाक्य तुमच्या पत्रात आहे. विद्यापीठाच्या गावाबद्दल हे खरे नसते. तुमचे घरसोबती सुट्टीत गेले ते त्यांच्या गावी. म्हणजे तेही बाहेरूनच आलेले आहेत. एखाद्या दुपारी होहेनट्युबिंगन किल्ल्यावर चढून जा. तिथल्या जुन्या स्वयंपाकघरात पूर्वी प्रयोगशाळा होती, आणि बाझलहून आलेल्या, ऐकू कमी येणाऱ्या फ्रीडरिश मीशर या तरुणाने १८६९ मध्ये तिथे रुग्णालयातल्या पट्ट्यांवरच्या पुवातून एक नवे द्रव्य वेगळे केले. त्याने त्याला न्यूक्लिन म्हटले. आपण आज त्याला डीएनए म्हणतो. तुमच्या विषयाची एक गंगोत्री तुमच्या खोलीपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात काश्मीरहून आलेली, भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेली अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेची पोथी आहे. संस्कृतच्या थोर जर्मन कोशाचे एक कर्ते रुडॉल्फ रोथ याच विद्यापीठात प्राध्यापक होते, त्यांच्यामुळे ती तिथे आली. मी तिच्याबद्दल पहिल्यांदा वाचले तेव्हा मला विलक्षण आधार वाटला होता. तसा तो तुम्हालाही वाटावा, म्हणून सांगितले.

झोप उडाली असेल, जेवण कमी झाले असेल, सकाळी अंथरुणातून उठवत नसेल, आणि हे आठवड्यांमागून आठवडे चालू असेल, तर वरचे काहीच आधी करू नका. विद्यार्थी कल्याण संस्थेचे, म्हणजे श्टुडिरेंडेनवेर्कचे, मानसोपचार सल्ला केंद्र आहे. तिथे भेटीची वेळ मागा. रात्री-अपरात्री असह्य झाले तर ०८०० १११०१११ हा मोफत मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. आजारी माणूस इच्छाशक्तीने बरा होत नाही, आणि गाव बदलूनही होत नाही.

राहिला श्टुटगार्टचा प्रश्न. आपल्या भाषेत बोलायला मिळणे ही भूक आहे आणि ती भागवण्यात कमीपणा नाही. परदेशी जाऊन मराठीच माणसे कशाला शोधायची, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण हिशोब मांडून पाहा. रोज जाऊन-येऊन दोन तास, वर स्थानकापासून मॉर्गनश्टेलेची, म्हणजे तुमच्या विज्ञान विभागांची, टेकडी. संध्याकाळी प्रयोगशाळेतले लोक कुठे निघाले की तुमची नजर गाडीच्या वेळेकडे. मेन्सातली जेवणे, खेळाचा वर्ग, नदीकाठ, हे सगळे गाडीच्या वेळापत्रकात बसवावे लागेल, आणि बहुधा बसणार नाही. शिवाय त्या मुलींच्या घरातही कचऱ्याची पाळी असते आणि रुसवेफुगवेही असतात. फक्त ते मराठीत होतात. उलट बाजूही सांगते : तुमचे या घरातले भाडे न झेपणारे असेल किंवा इथे तुम्हाला असुरक्षित वाटत असेल, तर प्रवास परवडला, जरूर जा.

एवीतेवी व्याख्याने सुरू व्हायला अजून अवकाश आहे. त्या मुलींकडे पाहुणी म्हणून आठ-दहा दिवस राहून या, आणि त्यातले निदान चार दिवस सकाळच्या गाडीने खरोखर ट्युबिंगनला येऊन काम करा. रिकामी होणारी जागा लगेच ठरवायची घाई त्यांना असेल, तर ती जागा जाऊ द्या. पण एक शनिवार आड त्यांच्याकडे जायचे मात्र आत्ताच पक्के करा, म्हणजे ट्युबिंगन की मराठी माणसे, अशी निवड करावीच लागणार नाही.

आणि निर्णयाची तारीख ठरवून घ्या. तुमचा भाडेकरार बेमुदत असेल तर कायद्याने साधारणपणे तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते. जुलैच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत ती घरमालकाच्या हातात पडली, तर सप्टेंबरअखेर घर सुटते आणि नवे सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते. सूचना कागदावर, हाताने सही केलेली हवी. ईमेल चालत नाही. करार ठरावीक मुदतीचा किंवा उपभाडेकरूचा असेल तर त्यातल्या अटी वेगळ्या असतील, त्या आधी वाचा. मुक्काम हलवलात तर दोन आठवड्यांच्या आत नव्या पत्त्याची नोंदणी करावी लागेल, आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागेल. तोवर एप्रिल, मे आणि जून असे तीन उजेडाचे महिने तुमच्या हाती आहेत. जूनच्या शेवटच्या रविवारी आईशी बोलून झाल्यावर कागद घेऊन बसा, आणि जे ठरेल ते मला कळवा.